नेमाचा चष्मा

नेम म्हटलं की आपल्या बायकांना आधी आठवतो तो चातुर्मासातला. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी मौनाने जेवतं. आमच्या थोरल्या जाऊबाईंचा, म्हणजे मी ज्यांना वहिनी म्हणते त्यांचा, नेम निराळा आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी त्या ओढणी कमरेला घट्ट बांधून, एका हातात एअर पिस्तूल धरून, दहा मीटरवरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरतात. हो, बरोबर वाचलंत! वय सत्तेचाळीस, दोन मुलं, घरात सासूबाई आणि मे महिन्यात फणसपोळ्या-आंबापोळ्यांची ही धांदल. तरी त्या तीन संध्याकाळी चुकत नाहीत.

सुरुवात पुतणीमुळे झाली. शाळेत असताना तिने नेमबाजीचा हट्ट धरला. रत्नागिरीत मुलीला एकटीने संध्याकाळी पाठवायचं म्हणजे कुणीतरी सोबत हवं, म्हणून वहिनी जायच्या. पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर बसून क्रोशाचं विणायच्या. दोन टेबलक्लॉथ पुरे झाले आणि तिसऱ्याच्या वेळी तिथले सर म्हणाले, "काकू, रोज येताच आहात तर एकदा धरून बघा." वहिनींनी धरून बघितलं. पुढे पुतणी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, तिची हौस मागे पडली आणि पिस्तूल घरी राहिलं. ते पिस्तूल वहिनींनी स्वतःच्या भिशीच्या आणि पोळ्यांच्या पैशांतून घेतलेलं होतं, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

हा खेळ किती नाजूक, ते ऐका. एअर पिस्तूल एकाच हाताने, हात पूर्ण लांबवून धरायचं. वजन दीड किलोपर्यंत असू शकतं. एका सामन्यात साठ नेम, वेळ सव्वा तास. आणि ज्याला दहा गुण मिळतात तो मधला गोल केवळ साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. दहा मीटरवरून! वहिनी सहाशेपैकी पाचशे चाळीसच्या आसपास जायच्या. घरात लाडू वळताना त्यांचा हात किती एकसारखा चालतो हे मी पाहिलेलं आहे, त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मात्र आकडा घसरला. पाचशे तीस, मग पाचशे वीस, मग त्याच्याही खाली. प्रथम सगळ्यांनी दोष पावसाला दिला. मग दमटपणाला. मग हळूच वयाला. भावोजी स्वभावाने गरीब; पण तेही म्हणाले, "झाली की आता हौस! डोळे काय जन्मभर तेच राहतात?" सासूबाईंनी तर कधीच निकाल दिलेला होता. त्यातच चिपळूणकडचे एक गृहस्थ मुलासाठी पिस्तूल विकत घ्यायला तयार झाले. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या रात्री भांडी विसळताना एवढंच म्हणाल्या, "अगं, हात हलत नाही गं. माशीच दिसत नाही."

माशी म्हणजे पिस्तुलाच्या टोकावरची उभी काळी खूण. आमच्याकडचे जुने बंदूकवाले तिला माशीच म्हणतात. मागच्या बाजूला एक खाच असते. खाचेच्या बरोबर मध्ये माशी आणायची आणि ती जोडी काळ्या वर्तुळाखाली धरायची. म्हणजे डोळ्याला तीन गोष्टी सांभाळायच्या: मागची खाच, पुढची माशी आणि दहा मीटरवरचं वर्तुळ. आणि इथेच खरी मेख आहे. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. सुईत दोरा ओवताना दारात उभं असलेलं मूल धूसर दिसतं ना? तसंच हे.

मग तिघांपैकी स्पष्ट कोण हवं? मला वाटायचं, अर्थातच वर्तुळ. ज्याला मारायचं ते नको का दिसायला? पण नाही, स्पष्ट हवी ती माशी. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला हे फळ्यावर काढून दाखवलं. (मी बी.ए., तेही मराठी घेऊन. भूमितीशी माझं जुनं वैर.) खाच आणि माशी यांत जेमतेम फूट-सव्वा फुटाचं अंतर असतं. माशी खाचेत एका मिलिमीटरने जरी बाजूला गेली, तर ती चूक दहा मीटरवर पोचेपर्यंत वाढत वाढत जवळजवळ तीन सेंटिमीटर होते. उलट हात सरळच्या सरळ एक मिलिमीटर सरकला, तर छर्राही तेवढाच सरकतो. म्हणून वर्तुळ थोडं पुसट दिसलं तरी चालतं, माशी पुसट दिसली की संपलं.

आता चाळिशीकडे येऊ. आपल्या भाषेने या चष्म्याला वयाचंच नाव देऊन टाकलं आहे, इतकी ती ठरलेली गोष्ट. डोळ्यातलं भिंग लहानपणी लवचीक असतं, जवळचं पाहताना ते फुगतं. वयाबरोबर ते ताठर होत जातं आणि जवळचं पाहणं जड जातं. चाळिशीच्या आसपास हे जाणवू लागतं आणि साठी-पासष्टीपर्यंत नंबर थोडा थोडा वाढत राहतो. पोथी हातभर लांब धरली जाते, मग हातच अपुरा पडतो. वहिनींचं लांबचं उत्तम होतं. समुद्रावरची होडी त्या माझ्याआधी ओळखायच्या. वाचायला मात्र पावणेदोनचा चष्मा लागला होता.

पण माशी ना पोथीच्या अंतरावर असते, ना होडीच्या. वाचायचा चष्मा साधारण दीड फुटाच्या आतलं स्पष्ट दाखवतो. तो लावला तर माशी धूसर आणि वर्तुळ तर करड्या रंगाचा ढगच! चष्मा काढला तर वर्तुळ छान, माशी केसाळ. आणि पावसाळ्यात शेडमध्ये उजेड कमी. उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि होता तो धूसरपणा आणखी वाढतो. म्हणजे पावसाला दिलेला दोष अगदीच खोटा नव्हता म्हणायचा.

मग आम्ही दोघी चष्म्याच्या दुकानात गेलो. नाव घेत नाही. तिथल्या तरुणाने सगळं ऐकून घेतलं आणि "लेटेस्ट आहे काकू" म्हणून प्रोग्रेसिव्ह चष्मा दिला. ज्यात वरून लांबचं, खालून जवळचं आणि मध्ये मधलं दिसतं, तो. बाजारहाटाला, शाळेत, बँकेत तो चष्मा सुरेखच. मी त्याची निंदा करणार नाही. पण नेमबाजीला तो उपयोगाचा नाही. कारण त्यात नंबर वरून खाली बदलत जातो. हनुवटी जराशी वर-खाली झाली की माशी एकदा स्पष्ट, एकदा धूसर. वहिनी माशी शोधायला मान उचलू लागल्या, मान उचलली की खांदा बिघडला, खांदा बिघडला की सगळंच बिघडलं. त्या महिन्याचा आकडा मी इथे लिहीत नाही.

पैसे गेले ते गेले. पोळ्यांचे पैसे होते, म्हणून घरात कुणी बोललं नाही. पण न बोलण्याचेही प्रकार असतात, ते तुम्हाला काय सांगायचं!

यानंतर आम्ही जे केलं ते सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी नेमबाज नवरा, दीर, भाऊ किंवा कोण जाणे, तुम्ही स्वतः असाल.

पहिल्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे. चाळिशीनंतर धूसर दिसण्याला चाळिशी हेच एक कारण असतं असं नाही. मोतीबिंदूची सुरुवात असू शकते, डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. आणि मधुमेह असेल तर रक्तातल्या साखरेबरोबर चष्म्याचा नंबरही हलतो. साखर ताब्यात आल्याखेरीज चष्मा करण्यात अर्थ नाही. वहिनींचं सगळं ठीक निघालं. फक्त उजव्या डोळ्याला अर्ध्याचा सिलिंडर नंबर निघाला, जो आजवर कुणी सांगितलाच नव्हता. उभी रेघ कडेने जरा पसरट दिसते ती यामुळे. आणि माशी म्हणजे उभी रेघच की! एक लक्षात ठेवा, तपासणीसाठी डोळ्यात बाहुली मोठी करणारं औषध घातलं असेल, तर त्या दिवशी चष्म्याचा नंबर पक्का करू नका.

दुसरं काम घरचं. वहिनी पडवीत नेहमीसारख्या उभ्या राहिल्या, समोर कोरी भिंत, पिस्तूल रिकामं. (छर्रा न घालता सराव करतानाही ते दोनदा उघडून पाहायचं आणि माणसांच्या दिशेला कधी धरायचं नाही, हा तिथल्या सरांचा दंडक.) त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मी माझ्या शिवणाच्या टेपने पापणीपासून माशीपर्यंतचं अंतर मोजलं. ब्याऐंशी सेंटिमीटर. तीनदा मोजलं, तीनदा तेवढंच. चष्म्याच्या साऱ्या हिशेबाची किल्ली म्हणजे हा आकडा. रायफल असेल तर माशी आणखी पुढे, साधारण मीटरभर अंतरावर जाते.

पिस्तूल घेऊन दुकानात जायचं नव्हतंच. राम आळीच्या गर्दीत ते बाहेर काढलं असतं तर चष्म्याऐवजी पोलीसच आले असते! त्याऐवजी मी एका लाकडी पट्टीला टोकाशी काळ्या कार्डाचा माशीएवढा तुकडा उभा चिकटवला. शाळेत तक्ते करून हात बसलेला आहे. दुसऱ्या एका चष्मेवाल्यांकडे गेलो, वयस्क गृहस्थ, त्यांना सगळं सांगितलं. आधी त्यांनी विचारलं, "कॉम्प्युटरचा चष्मा हवाय का?" मग टेप आणि पट्टी बघितली आणि खुर्ची ओढून बसलेच. बाहेर रस्त्यापलीकडच्या भिंतीवर आम्ही एक काळं वर्तुळ लावलं होतं, अंतर पावलांनी मोजून दहा मीटर. पट्टी मी धरली, वहिनींच्या डोळ्यापासून ब्याऐंशी सेंटिमीटरवर.

हिशेब सोपा आहे. एकाला मीटरमधल्या अंतराने भागलं की त्या अंतराचा नंबर येतो. मीटरभर लांबच्या वस्तूला एक, अर्ध्या मीटरला दोन. ब्याऐंशी सेंटिमीटरला साधारण सव्वा. पण सव्वाचा पूर्ण नंबर दिला तर वर्तुळ फारच धूसर होतं. शिवाय सत्तेचाळिसाव्या वर्षी डोळ्याची स्वतःची थोडी शक्ती शिल्लक असते, ती का वाया घालवा? म्हणून लांबच्या नंबरात थोडीच भर घालायची. रायफलवाल्यांना बहुधा अर्ध्याची भर पुरते, पिस्तुलाला पाऊण ते एक. ज्यांना लांबचा उणे नंबर आहे, माझ्यासारखा, त्यांनीही ही भर त्या नंबरातच करायची. उणे अडीच असेल तर उणे पावणेदोन.

चष्मेवाल्यांनी सिलिंडरची काच घालून तिच्यावर आधी अर्धा ठेवला. "बरी दिसते." मग पाऊण. वहिनी काही बोलेचनात. मला वाटलं, नाही जमलं. मग म्हणाल्या, "काठ दिसतोय." मग एक घातला, तेव्हा माशी तशीच राहिली, पण समोरचं वर्तुळ फुटलेल्या अंड्यासारखं पसरलं. नियम असा, की ज्या सर्वांत कमी भरीने माशी स्पष्ट दिसते ती घ्यायची. पाऊण ठरला. दहा मिनिटं त्यावरच ठेवून पुन्हा पाहिलं, कारण पहिल्या मिनिटाला सगळंच बरं वाटतं. साडीच्या दुकानात नाही का, दिव्याखाली सगळेच रंग खुलतात!

आता चौकट. नेमबाजांची खास चौकट मिळते. जर्मनीची नोब्लॉख, स्वित्झर्लंडची चॅम्पियन ही त्यातली नामांकित नावं. तिच्यात एकच गोल भिंग असतं आणि ते वर-खाली, आत-बाहेर, तिरकं, हवं तसं फिरवून अगदी नजरेच्या समोर आडवं आणता येतं. याचं महत्त्व रायफलवाल्यांना जास्त. गाल दस्त्यावर टेकून ते नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून पाहतात आणि नेहमीच्या चष्म्याच्या त्या कोपऱ्यातून भिंगाचा मध्य कधीच सापडत नाही. पिस्तूलवाले मान ताठ ठेवतात, त्यामुळे त्यांचं साध्या चौकटीवरही भागू शकतं. खास चौकटीला काही हजार मोजावे लागतात. वहिनींनी किंमत ऐकली आणि जुनीच एक चांगली, न घसरणारी चौकट काढून दिली. भिंग मात्र प्लास्टिकचं घेतलं, काचेचं नव्हे. छर्र्याचा तुकडा उलटून आला तर काच फुटते. गोल चौकट घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. सिलिंडरचा नंबर असेल तर भिंग पुसताना ते फिरतं आणि नंबरची दिशा बदलते. कडेला बारीकशी खूण करून घ्यावी.

दुसऱ्या डोळ्याचं काय? वहिनी तो मिटायच्या. सव्वा तास एक डोळा मिटून पाहा, म्हणजे कळेल चेहरा कसा आंबतो ते. त्यापेक्षा त्या डोळ्यासमोर छोटी झापड लावतात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ती तीस मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. आणि ती काळी कुळकुळीत नसावी, दुधी असावी. एक डोळा अंधारात गेला की दुसऱ्याची बाहुलीही मोठी होते. आम्ही दह्याच्या डब्याच्या झाकणाचा पांढरा तुकडा कापून लावला. सासूबाई म्हणाल्या, "टांग्याच्या घोड्याला लावतात तसलं!" पण हसत म्हणाल्या, हे नोंदवून ठेवते.

बारीक छिद्राचीही एक युक्ती आहे. कार्डाला सुईने भोक पाडून त्यातून पाहा. चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येईल. रायफलच्या मागे असंच लहान-मोठं करता येणारं छिद्र असतं, म्हणून रायफलवाल्यांना चाळिशी जरा उशिरा छळते. पिस्तूलवाले तसं छिद्र चष्म्यावर बसवू शकतात. पण छिद्र जितकं बारीक तितका उजेड कमी. आमच्या शेडमध्ये, आषाढात? वहिनींनी एकदा लावून पाहिलं आणि परत डबीत ठेवलं.

वय आणि नेमबाजी यांचं तुम्हाला अजूनही विचित्र वाटत असेल, तर आंबा घाटापलीकडेच पाहा. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन रायफलमध्ये विश्वविजेती झाली. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गोल्ड कोस्टला तिने सुवर्णपदक घेतलं तेव्हा ती सदतीस वर्षांची होती, आणि पहिलं ऑलिंपिक, टोकियोचं, २०२१ मध्ये तिने चाळिसाव्या वर्षी गाठलं. बरोबर चाळिशीच्या वयात! जॉर्जियाची निनो सालुक्वाद्झे १९८८ ला सोलमध्ये सुवर्णपदक घेऊन गेली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये पंचावन्नाव्या वर्षी तिचं दहावं ऑलिंपिक खेळली. मधे २०१६ ला रिओमध्ये तिचा मुलगाही तिच्याबरोबर ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत उतरला होता. मायलेक एकाच ऑलिंपिकमध्ये! वहिनींनी हे पुतणीला फोनवर तीनदा ऐकवलं.

आणि तो तुर्कस्तानचा युसुफ डिकेच. पॅरिसमध्ये ज्या मिश्र दुहेरी एअर पिस्तूल स्पर्धेत आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगला कांस्य मिळालं, त्याच स्पर्धेत त्याच्या जोडीला रौप्य मिळालं. वय एक्कावन्न. अंगावर साधा टी-शर्ट, एक हात खिशात, ते चित्र जगभर फिरलं. भावोजी म्हणाले, "बघ, याला काही लागत नाही." सगळ्यांनी त्याचा खिशातला हात पाहिला. वहिनींनी त्याचा चष्मा पाहिला. "चष्मा आहे की लावलेला," त्या म्हणाल्या आणि आमटीला फोडणी घातली.

ज्या मैत्रिणींना पिस्तुलाशी काही देणंघेणं नाही त्यांनाही हे टेपचं गणित उपयोगी पडेल. शिवणयंत्राची सुई पोथीपेक्षा दूर असते, पेटीवर ठेवलेली गाण्याची वही त्याहून दूर. वाचायच्या चष्म्याने ती नीट दिसत नसेल तर डोळ्यांना नावं ठेवण्याआधी अंतर मोजून न्या. मी अडतीस वर्षांची आहे. वर्गात हजेरीपट जवळ घेऊन वाचताना चष्मा डोक्यावर सरकवायला लागले आहे. मुलांच्या ते माझ्याआधी लक्षात आलं.

नवा चष्मा लावून पहिल्याच आठवड्यात आकडा वर गेला नाही, हे सांगितलं पाहिजे. मान उचलायची लागलेली खोड जायला दोन महिने लागले. दिवाळीनंतर पाचशे बावीस, मग एकतीस, आणि संक्रांतीच्या आठवड्यात पाचशे अडतीस. चिपळूणच्या गृहस्थांना भावोजींनीच फोन करून नाही म्हणून सांगितलं. प्रोग्रेसिव्ह चष्मा वहिनी बँकेत आणि भाजीला वापरतात, वाया गेलेला नाही.

पिस्तुलाच्या पेटीत झाकणाला आतून आता एक कागद चिकटवलेला आहे. माझ्याच अक्षरात: ब्याऐंशी सेंटिमीटर, लांबच्या नंबरावर अधिक पाऊण, सिलिंडरची खूण खाली, आणि तपासणीची तारीख. खाली दुसऱ्या तारखेसाठी जागा मोकळी ठेवली आहे.